किल्लारीत माणसे कोणी मारली?

१/ ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३:५६. अनंत चतुर्दशीची विसर्जने आटोपून लातूर-उस्मानाबादची गावे गाढ झोपेत होती. काही सेकंदांत किल्लारी, सास्तूर दगडमातीचे ढीग झाले. सुमारे ८,००० माणसे गेली. तेव्हापासून एकच उत्तर दिले जाते: ‘निसर्गाचा कोप’. हे उत्तर खोटे आहे.

२/ १९८९ मध्ये कॅलिफोर्नियात ६.९ तीव्रतेचा भूकंप झाला, मृत्यू ६३. किल्लारीचा भूकंप ६.२ च्या आसपास, म्हणजे लहान. तो उथळ होता आणि वेळ झोपेची होती, हे मान्य. पण एवढ्याने ही दरी भरत नाही. उरलेला फरक घरांचा आहे.

३/ ती माळवदाची घरे होती. दगड-मातीच्या जाड भिंती, वर लाकूड, त्यावर मातीचा थर. भिंतीचे आतले-बाहेरचे पदर आरपार दगडांनी सांधलेले नसत. हादऱ्याने ते सुटले आणि उन्हाळ्यात गारवा देणारे छप्परच अंगावर आले. अनेक जण मातीत गुदमरले.

४/ पुढचे दिवस तितकेच भीषण. जवान आणि गावकरी ढिगारे उपसत होते, वरून पाऊस कोसळत होता, बघ्यांच्या गर्दीने रस्ते अडत होते. चिता सामूहिक पेटल्या.

५/ ‘कोणाला ठाऊक होते?’ हा बचावही पोकळ आहे. दख्खनचे पठार अचल असल्याचा समज ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेनेच मोडला होता. खुद्द किल्लारीत १९९२ पासून धक्के बसत होते. तरीही अधिकृत नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यातच राहिला.

६/ दोष शेतकऱ्याचा नव्हे. त्याने हाताशी होता तो दगड वापरला. भूकंपरोधक बांधकामाचे भारतीय मानक १९६७ पासून छापील होते. ते गावच्या गवंड्यापर्यंत पोहोचवणे हे शासनाचे काम होते.

७/ आता यवतमाळ. २१ मार्च आणि १० जुलै २०२४ रोजी शेजारच्या हिंगोलीत ४.५ तीव्रतेचे भूकंप झाले. यवतमाळ जिल्ह्याचा दक्षिण भागही हादरला. चार दिवस चर्चा झाली. मग पुन्हा तेच: ‘विदर्भाला धोका नाही.’ किल्लारीबद्दलही नकाशा हेच सांगत होता.

८/ भूकंप रोखता येत नाही. भिंती सांधता येतात. दारा-खिडक्यांच्या वर चारही भिंतींना बांधणारा काँक्रीटचा अखंड पट्टा घालता येतो. हे ठाऊक असूनही जे घर तसे बांधले जात नाही, त्यातल्या मृत्यूला ‘नैसर्गिक आपत्ती’ म्हणणे ही जबाबदारी टाळण्याची भाषा आहे.