मोकळी जमीन

गिरणगावाविषयीच्या आपल्या समीक्षेत १९८२चा संप येतो, दत्ता सामंत येतात, भोंगा, चाळ, उद्ध्वस्त कुटुंब हे सारे येते. विकास नियंत्रण नियमावलीतला नियम ५८ मात्र येत नाही. जयंत पवारांच्या ‘अधांतर’वर (१९९७) आपण वर्गात तास तास बोलतो, आणि ते योग्यच आहे. पण गिरणगावाचे जे झाले ते संपाने केले, काळाच्या ओघात झाले, ही समजूत रुजवण्यात आपल्या या शोकाच्या सुराचाही थोडा वाटा आहे असे मला वाटते. मुंबईच्या मध्यावरची सुमारे सहाशे एकर जमीन कुणाकडे जावी, हे ठरण्यात एका शब्दाच्या अर्थाचा फार मोठा हात होता. शब्दांचे अर्थ लावणे हा तर आपलाच व्यवसाय.

१९९१च्या नियमाचा आशय असा : गिरणीची जमीन पुनर्विकासाला काढली, तर साधारण एक तृतीयांश महापालिकेला उद्याने-मैदानांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला परवडणाऱ्या घरांसाठी आणि उरलेली मालकाला. २००१मध्ये या नियमात दुरुस्ती झाली. आता वाटणी व्हायची ती सगळ्या जमिनीची नव्हे, फक्त ‘मोकळ्या’ जमिनीची. बदल कागदावर किरकोळ दिसतो. पण ज्याने गिरणी आतून पाहिली आहे त्याला त्याचा अर्थ लगेच कळावा. विणाईच्या शेड एकमजली, करवतीच्या दात्यांसारख्या छपरांच्या, जमिनीवर ऐसपैस पसरलेल्या. शिवाय गोदामे, बॉयलर, कचेरी. मोकळे उरते ते चिमणीभोवतीचे अंगण, एखादे तळे आणि फाटकापासूनची वाट. त्यातला तिसरा हिस्सा म्हणजे शहराच्या हाती जवळजवळ काहीच नाही.

प्रश्न पुढे न्यायालयात गेला, आणि तिथे तो अगदी भाषेचाच प्रश्न होऊन बसला. शेड पाडल्यावर जी जमीन मोकळी होते ती ‘मोकळी’ धरायची की नाही? ऑक्टोबर २००५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने म्हटले, धरायची. मार्च २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. विशेषणाची दोन वाचने, आणि त्यांच्यामधल्या अंतरात मध्य मुंबईतली कितीतरी मैदाने आणि घरे.

दुरुस्तीची बाजू मांडणारे सांगतात की जुन्या नियमाखाली दोन तृतीयांश जमीन सोडायला मालक पुढेच येत नव्हते, जमीन कुजत पडली होती. खाजगी गिरण्यांबद्दल हे बऱ्याच अंशी खरे आहे. पण पंचवीस गिरण्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या ताब्यात होत्या. तिथे कोणत्या मालकाची मनधरणी करायची होती? याच गिरण्यांसाठी चार्ल्स कोरिया यांच्या समितीने १९९६मध्ये एकत्रित आराखडा दिला होता : सुट्या सुट्या गिरण्यांचा विचार न करता जमिनी जोडून पाहाव्यात, रस्ते, स्थानके आणि मोकळ्या जागा एकदम आखाव्यात. तो बाजूला पडला. २००५मध्ये पाच गिरण्यांच्या जमिनी विकल्या गेल्या. एकट्या मुंबई टेक्स्टाइल मिलचे ७०२ कोटी आले, पाचांचे मिळून दोन हजार कोटींच्या वर. कामगारांची देणी भागवायला आणि इतर गिरण्या चालवायला पैसा हवा होता, हे कारण खोटे नव्हते. तरी सार्वजनिक मालकाने खाजगी विक्रेत्यासारखे वागायचे ठरवले, की शहराच्या बाजूने बोलायला कुणी उरत नाही.

परिणाम पाहायला दूर जावे लागत नाही. गिरणीच्या पाळ्यांसाठी बांधलेल्या स्थानकांवर मनोऱ्यांमधल्या कचेऱ्यांची गर्दी आली. २९ सप्टेंबर २०१७ला तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसे मेली. त्या सकाळी पाऊस होता, अफवा होती, हे सारे खरे; पूल अरुंद होता हेही खरे, आणि भोवतालचा परिसर कुणी एकत्र आखला नव्हता हेही. गिरणी कामगारांच्या घरांसाठी अलीकडे शेलू-वांगणीची नावे निघतात. ज्याचे आयुष्य लालबागेत गेले त्याला बदलापूरच्याही पुढे.

अपवाद एक आठवतो. दादरच्या चैत्यभूमीजवळची इंदू मिलची साडेबारा एकर जमीनही याच महामंडळाची होती. आंबेडकरी कार्यकर्त्यांनी डिसेंबर २०११मध्ये आत शिरून तिच्यावर हक्क सांगितला आणि पुढच्या वर्षी ती स्मारकासाठी द्यायचे जाहीर झाले. ती जमीन मोकळी आहे की नाही, हा प्रश्न त्यांनी उपस्थितच होऊ दिला नाही.

आता बेस्टच्या आगारांची, बंदराच्या जमिनीची पाळी आहे. त्यांच्याविषयीच्या कागदांत ‘पडून असलेली’, ‘पूर्ण वापरात नसलेली’ अशी विशेषणे दिसू लागली आहेत. पदव्युत्तर वर्गात ‘अधांतर’ शिकवणाऱ्या प्राध्यापकांना माझी सूचना आहे : नाटकासोबत नियम ५८ची १९९१ आणि २००१ची पाने झेरॉक्स करून वाटावीत, आणि विद्यार्थ्यांना दोन्ही पाठांतला फरक शोधायला सांगावे. त्याला एक तास पुरेल.