न्हाणीघरातला समुद्र

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय, आणि खरं सांगायचं तर भांडायलाच बसलोय. ज्यांच्याशी भांडायचंय ते घरातलेच आहेत आणि हे वाचणारही आहेत. रागावू नका. रागावलातच तर दिवाळीला जाफराबादला या, समोरासमोर बोलू.

तर झालं असं की आमचे भाचेबुवा संभाजीनगरला असतात (माझ्या तोंडात अजून औरंगाबादच येतं). गोड्या पाण्यातले मासे पाळून पाळून कंटाळा आला म्हणून त्यांनी खाऱ्या पाण्याची टाकी मांडायला घेतली. छंद चांगलाच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. यंदा मार्चमध्ये त्याचा फोन आला, "मामा, तुमचं मागचं न्हाणीघर रिकामंच असतं ना?" मामा म्हटल्यावर माणूस विरघळतो. मी हो म्हणालो. दोन दिवसांनी स्वारी गाडीतून थर्माकोलचं मोठं खोकं, एक निळा ड्रम, पंप आणि मिठाची बादली घेऊन हजर.

खोक्यात वीस किलो दगड होते. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेले, जांभळट डाग पडलेले, चाळणीसारखे भोकाभोकांचे. याला म्हणे 'लाइव्ह रॉक' म्हणतात, जिवंत दगड. आमच्या मराठवाड्यात दगडाला पाझर फुटण्यापर्यंत मजल गेली आहे, पण जिवंत दगड मी पहिल्यांदाच पाहिला.

खरं तर तो दगड नसतोच. मेलेल्या प्रवाळांचे चुनखडी सांगाडे असतात ते. त्यांच्या फटींमध्ये बॅक्टेरिया, स्पंज, किडे, शेवाळ, छोटे शिंपले असा सगळा मोहल्ला वसलेला असतो. टाकीत माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो, तो माशांना विष. या दगडांतले बॅक्टेरिया अमोनियाचं आधी नायट्राइट करतात आणि मग त्यामानाने निरुपद्रवी असं नायट्रेट. म्हणून हा दगड टाकीचं मूत्रपिंड समजला जातो. मी तीस वर्षं शाळेत नायट्रोजन चक्र शिकवलं, फळ्यावर बाण काढून काढून हात दुखले, पण ते चक्र स्वतःच्या न्हाणीघरात फिरताना कधी पाहिलं नव्हतं.

आता मेख अशी, की समुद्रातून काढलेला दगड खोक्यात बंद होऊन दोन-चार दिवस प्रवास करतो. तेवढ्यात त्यातला अर्धाअधिक मोहल्ला मरतो. तसाच टाकीत टाकला तर सडून अमोनियाचा असा लोट उठतो की मासे जगतच नाहीत. म्हणून तो आधी वेगळ्या ड्रमात 'क्युअर' करायचा. आमची सौ. त्याला मुरवणं म्हणते, लोणच्यासारखं. पण लोणचं मुरताना असा वास येत नाही हो! पहिल्या आठवड्यात सडक्या अंड्यांचा असा दर्प सुटला की शेजारच्या काकू येऊन विचारून गेल्या, "घूस मेली का कुठं?"

कृती सांगतो, कारण टीका करायची तर ती माहितीनिशी करावी. दगड एकेक करून खाऱ्या पाण्यात खळबळायचा. पांढरा बुळबुळीत थर आला असेल किंवा काळा पडलेला स्पंज असेल तर जुन्या टूथब्रशने घासून काढायचा. मग लिटरला 35 ग्रॅम मीठ या हिशोबाच्या पाण्यात, 25-26 अंशांवर, अंधारात ठेवायचा. उजेड दिला तर नको ते शेवाळ माजतं. पंपाने पाणी सतत फिरतं ठेवायचं, दर तीन-चार दिवसांनी बदलायचं आणि अमोनिया, नायट्राइट दोन्ही शून्यावर येईपर्यंत थांबायचं. कधी दोन आठवडे लागतात, कधी सहा. आम्हाला पाच लागले.

भाचा रविवारी यायचा. बाकी सहा दिवस टूथब्रश माझ्या हातात.

आता हिशोब बघा. शंभर लिटरचा ड्रम, पाच आठवड्यांत आठ वेळा पाणी बदललं, म्हणजे 800 लिटर. साधं पाणी चालत नाही, आरओचंच लागतं. आमच्या बोअरच्या पाण्याला आरओचं मशीन एक लिटर चांगलं पाणी द्यायला तीन लिटर बाहेर फेकतं. म्हणजे एकूण 3,200 लिटर पाणी उपसलं. एप्रिलमध्ये. जाफराबादेत. त्या महिन्यात आमच्या गल्लीत टँकरची वाट बघत हंडे रांगेला लावलेले असतात. मशीनचं फेकलेलं पाणी सौ.ने भांड्यांना, धुण्याला वापरलं म्हणून निदान ते तरी वाया गेलं नाही. खारं पाणी मात्र कशालाच चालत नाही. एका रात्री मी आळस करून ते अंगणाच्या कोपऱ्यात ओतलं. दुसऱ्यांदा ओतलं. तिसऱ्यांदा ओतल्यावर सासूबाईंनी लावलेला कढीपत्ता वाळून गेला. तो बावीस वर्षांचा होता. घरात त्याविषयी अजून कोणी माझ्याशी नीट बोललेलं नाही.

2012-13 च्या दुष्काळात आमच्या जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या. लोकांनी टँकरच्या पाण्यावर झाडं जगवायची धडपड केली आणि शेवटी कुऱ्हाड लावली. ज्यांनी ते पाहिलंय त्यांच्या अंगणात खाऱ्या पाण्याची चैन शोभते का, हा प्रश्न मी आधी स्वतःलाच विचारला. समुद्र आमच्यापासून तीनशे किलोमीटरहून लांब. आमच्या भागातलं खारं पाणी म्हणजे लोणार, आणि तिथेही दगड घासायला कोणी जात नाही.

पण पाण्यापुरतंच असतं तर मी हे लिहिलं नसतं. पाणी माझं होतं, मूर्खपणाही माझाच.

गोष्ट फिरली ती रद्दीमुळे. खोक्यातली वर्तमानपत्रं सौ.ने उन्हात वाळत घातली होती (आमच्याकडे काहीही फेकत नाहीत). चहा पिताना ती म्हणाली, "दगड इंडोनेशियाचे म्हणालात ना? मग पेपर तमिळ कसा?" मी उठून पाहिलं. खरंच तमिळ. दुकानदाराने भाच्याला "इम्पोर्टेड माल" म्हणून सांगितलं होतं. बिल मागितलं तर "फिश टँक डेकोरेशन" असं लिहिलेला कागद मिळाला. परदेशातून प्रवाळ आणायचं तर साइटीस करारानुसार कागदपत्रं लागतात. ती विचारली तेव्हा उत्तर आलं, "सर, एवढं कोणी विचारत नाही."

बरोबर आहे, कोणी विचारत नाही. म्हणून तर हे चालतं.

मंडळी, आपल्या देशात सगळे खडक बांधणारे प्रवाळ 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघ ज्या यादीत आहे त्याच यादीत. जिवंत असो, मेलेलं असो, तुकडा असो, समुद्रातून काढणं, विकणं, विकत घेणं सगळं गुन्हा. शिक्षा तीन ते सात वर्षं. वाघाचं नख कोणी देव्हाऱ्यात ठेवलेलं दिसलं तर आपण कान टवकारतो. मग हॉलमधल्या काचेच्या पेटीत निळ्या दिव्याखाली तोच गुन्हा असला तर "वा, काय सुंदर!" म्हणून फोटो का काढतो?

मुंबईचं उदाहरण घ्या. 2020 साली कोस्टल रोडच्या कामात वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवर प्रवाळाच्या थोड्याशा वसाहती सापडल्या. हजारो कोटींचा रस्ता, पण त्या वसाहती हलवायला वनखात्याची परवानगी घ्यावी लागली. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ आले आणि ती प्रवाळं उचलून दुसऱ्या जागी लावली गेली. तो रस्ता हवा की नको यावर वाद घाला, मी घालणार नाही. पण एका महानगरपालिकेला जे मूठभर प्रवाळ परवानगीशिवाय हलवता येत नाही, ते आमच्या भाच्याला किलोच्या भावाने मिळतं. मालवणचा किनारा 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, तिथे बुडी मारून प्रवाळ बघायला आपण पैसे मोजून जातो आणि हॉलसाठी मात्र असेच दुसऱ्या किनाऱ्यावरून फोडून आणलेले तुकडे घेतो. मन्नारच्या आखातात पूर्वी चुन्यासाठी, सिमेंटसाठी प्रवाळ खणून काढत. तिथली दोन बेटं आज पाण्याखाली आहेत.

आता भाचेबुवांचे आणि त्यांच्या अमेरिकेतल्या चुलतभावाचे मुद्दे. दोघांनी मिळून मला फोनवर तासभर झापलंय, तेव्हा ते प्रामाणिकपणे मांडतो.

पहिला मुद्दा, सुक्या दगडावर ती विविधता येत नाही. हे खरं आहे. कोरडी चुनखडी किंवा सिमेंटचा बनवलेला दगड घेतला, बाटलीतले बॅक्टेरिया आणि थोडा अमोनिया घालून टाकी सुरू केली, तर पहिले काही महिने तपकिरी, हिरवट, ओंगळ जातात. जांभळं शेवाळ सावकाश येतं, छोटे जीव फारसे येतच नाहीत. कबूल. पण बाबांनो, मी पाच आठवडे जे टूथब्रशने घासून गटारात टाकलं ते काय होतं? ती विविधताच होती! स्पंज मेले, शिंपले मेले, एक इवलासा खेकडा पहिल्याच रात्री मेला. शेवटी भरवशाचे उरले ते बॅक्टेरिया, आणि ते सुक्या दगडावरही महिना-दीड महिन्यात बसतात. जिवंत म्हणून पैसे मोजायचे, मेलेलं घासायचं आणि उरलेल्याला पुन्हा जिवंत म्हणायचं, हा कुठला हिशोब?

दुसरा मुद्दा अमेरिकेतून आला, "आमच्याकडे तर उघड विकतात." विकतात ना. पण कसं? फ्लोरिडाने आपल्या किनाऱ्यालगत नैसर्गिक लाइव्ह रॉक काढायला 1989 मध्येच बंदी घातली आणि 1997 पासून बाहेरच्या समुद्रातही ते बंद झालं. आता तिथले लोक समुद्रतळाचा तुकडा भाड्याने घेतात, खाणीतली चुनखडी नेऊन टाकतात, काही वर्षं थांबतात आणि आपलाच दगड वर काढतात. म्हणजे शेती करतात. असं आपल्याकडे कायदेशीरपणे कोणी सुरू केलं तर पहिला ग्राहक मी. (न्हाणीघर मात्र मिळणार नाही.)

तिसरा मुद्दा भाच्याचा, आणि तो मला खरा लागला. तो म्हणाला, "मामा, माझ्या वीस किलोंनी समुद्राचं काय होणार?" मी म्हणालो, माझ्या तीन हजार लिटरने जाफराबादचं तरी काय झालं? टँकर दुसऱ्या दिवशीही आलाच. तरीही त्या एप्रिलमध्ये रांगेतल्या हंड्यांकडे बघताना मी मान खाली घालून जायचो. त्यावर तो काही बोलला नाही. रागावला असेल, किंवा पटलंही असेल.

ते दगड आता त्याच्या टाकीत आहेत. परत समुद्रात टाका म्हणावं तर तेही चुकीचं, टाकीतले रोग आणि परके जीव समुद्रात जायचे. घासून तयार कोणी केले? मीच. त्यामुळे मी वेगळा, तो वेगळा असं काही म्हणता येत नाही.

परवा पुन्हा फोन. टाकी मोठी करायची आहे, आणखी दहा किलो सांगून ठेवलेत, "या वेळी मीच घासीन मामा, फक्त जागा द्या." मी म्हटलं, कागदपत्रं आण, मग दार उघडतो. दुकानदाराला विचारून सांगतो म्हणाला. अजून फोन आलेला नाही. तोवर सौ.ने न्हाणीघरात कढीपत्त्याचं नवं रोप कुंडीत आणून ठेवलंय, आणि दाराला बाहेरून कुलूप.