किडनीचा आहार: छापील यादी नको, रिपोर्ट बघून डोस हवा



आज पिकावर नाही, ताटावर लिहितोय. तरी शेवटपर्यंत वाचा, कारण विषय आपलाच आहे. नत्र, स्फुरद, पालाश आणि मीठ.

किडनीचा जुनाट आजार म्हणजे शरीराचा निचरा हळूहळू बंद पडणं. शिरोळ, वाळवा भागातली उसाची रानं डोळ्यांपुढं आणा. पाणी भरमसाठ दिलं, निचरा नव्हता, क्षार जागच्या जागी साचले आणि रानं खारवट झाली. शरीरातही तसंच होतं. डाळ-दूध-अंड्यातलं नत्र शेवटी युरिया होऊन लघवीवाटे बाहेर पडतं. रक्ताच्या रिपोर्टवरचा युरिया आणि गोणीतला युरिया हे रसायन एकच. किडनी थकली की हा युरिया साचतो, पालाश म्हणजे पोटॅशियम साचतं, स्फुरद म्हणजे फॉस्फरस साचतं, आणि वर सोडियम. यात पोटॅशियम सगळ्यात दगाबाज. फार वाढलं तर आधी काही न जाणवता थेट हृदयाचे ठोके बिघडतात.

म्हणून पथ्य पाहिजेच, त्यात वाद नाही. माझा वाद आहे तो पथ्य ठरवायच्या पद्धतीशी. कुठलाही शहाणा कृषी सल्लागार माती परीक्षण न बघता दहा प्लॉटला एकच डोस लिहून देत नाही. किडनीच्या बाबतीत मात्र सगळ्यांना एकच यादी.

आमच्या थोरल्या भावाचं क्रिएटिनीन वाढलेलं निघालं तेव्हा एका दवाखान्यात असाच छापील कागद मिळाला. त्यात ब्लूबेरी होती, झुकिनी होती. चाकवत, अंबाडी, घोळ, सुकट, हुरडा यांचा पत्ता नाही. कागद दादाच्या हातात दिला, आणि जी रोज स्वयंपाक करते ती वहिनी बाहेर बाकड्यावर. मग गावानं उरलेली यादी पूर्ण केली. एकजण म्हणाला डाळ बंद, दुसरा म्हणाला ज्वारी बंद, तिसरा म्हणाला नारळपाणी पी, किडनी धुऊन निघते. तीन महिन्यांत दादाचं वजन सात किलो उतरलं. पुढं दुसरीकडच्या आहारतज्ज्ञ बाईंनी जुने रिपोर्ट काढले, तर पोटॅशियम एकदाही वाढलेलं नव्हतं. भाकरी बंद करायचं कारणच नव्हतं. त्यांनी वहिनीला आत बोलावलं आणि विचारलं, घरात महिन्याला मीठ किती लागतं? खरं काम तिथून सुरू झालं.

आता एकेक घटक घेऊ.

१) नत्र (प्रथिनं). डायलिसिस नसेल तर साधारणपणे वजनाच्या दर किलोला ०.८ ग्रॅम प्रथिनं धरतात. म्हणजे ६० किलोच्या माणसाला दिवसाला ४८ ग्रॅम. काहींना डॉक्टर याहून कमी सांगतात, पण ते त्यांच्या देखरेखीखाली. डायलिसिस सुरू झालं की हिशोब उलटतो, दर किलोला १ ते १.२ ग्रॅम लागतात, कारण मशीनमधून प्रथिनांचे घटक निघून जातात. डायलिसिसवर असलेल्या माणसाची डाळ-अंडी ऐकीव सल्ल्यावर तोडणारे लोक त्याला उपाशी ठेवतायत.

२) पालाश. रिपोर्टवर पोटॅशियम वाढलेलं असेल तरच कडक पथ्य. मग नारळपाणी, केळी, चिकू, सुकामेवा, बटाटा, टोमॅटो, पालेभाजी, गूळ यांच्यावर नजर. ज्वारी-बाजरीत पोटॅशियम पॉलिश तांदळाच्या साधारण तिप्पट असतं, तेव्हा गरज पडली तर एक वेळ भात, एक वेळ भाकरी असं बसवता येतं. दुधी, दोडका, काकडी, कोबी त्यातल्या त्यात सोप्या. बटाटा खायचाच असेल तर सोलून, बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकून द्यायचं. पोटॅशियम पाण्यात उतरतं. सगळं जात नाही, पण बरंच कमी होतं. कमरख मात्र रिपोर्ट कसाही असला तरी किडनीच्या रुग्णानं तोंडात घालू नये, त्यातलं विष मेंदूवर जातं.

३) स्फुरद. डाळी-धान्यातलं स्फुरद मोठ्या प्रमाणात फायटेटमध्ये अडकलेलं असतं, ते शरीराला अर्धवटच लागू होतं. जमिनीत स्थिर झालेलं स्फुरद पिकाला कसं मिळत नाही, तसंच समजा. पाकीटबंद खाण्यात आणि काळ्या कोल्ड्रिंकमध्ये घातलेलं स्फुरद मात्र विद्राव्य खतासारखं जवळजवळ सगळं शोषलं जातं. म्हणजे आधी बंद व्हायला पाहिजे बाटली आणि पाकीट. आपण आधी बंद करतो मुगाची उसळ.

४) मीठ. दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे एक सपाट छोटा चमचा, आणि तोही दिवसभराच्या सगळ्या खाण्यात मिळून. लोणचं, पापड, सुकट, फरसाण, खारे शेंगदाणे, बेकरीचा माल यात तो केव्हाच संपतो. सैंधव घेतलं म्हणून सुटका नाही, तेही सोडियम क्लोराईडच. त्याहून धोक्याचं म्हणजे दुकानात मिळणारं ‘कमी सोडियम’ मीठ. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराईड घातलेलं असतं. आपण ज्याला म्युरेट ऑफ पोटॅश म्हणतो ते हेच रसायन, फक्त खाण्यासाठी शुद्ध केलेलं. ज्याचा निचरा बंद आहे त्याच्या ताटात ते वाढायचं नाही.

५) पाणी. ‘भरपूर पाणी प्या’ हा सल्लाही सगळ्यांना लागू नाही. लघवी किती होते, अंगावर सूज आहे का, यावर डॉक्टर माप ठरवतात. माप ठरलं की त्यात चहा, ताक, आमटी, कलिंगड सगळं धरायचं. उन्हात राबणाऱ्या माणसाचं आणि गादीवर बसणाऱ्याचं माप एक नसतं, म्हणून आपण रानात किती तास असतो ते डॉक्टरांना आपणहून सांगा.

आमच्या घरात आता एकच भाजी होते, कमी मिठाची. ज्याला पाहिजे तो वरून घेतो. आधी दादासाठी वेगळं पातेलं असायचं, आणि पंगतीत वेगळं ताट घेऊन बसायला माणसाला नको होतं. कुणी बघत नसलं की तो लोणच्याच्या बरणीकडं जायचा. पथ्य एकट्याच्या गळ्यात बांधलं की ते मोडतं, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

२०१६ साली राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम सुरू झाला आणि जिल्हा रुग्णालयांपर्यंत मशीन पोचू लागलं. चांगलंच झालं. पण मशीनची वेळ लांबवू शकणारा आहाराचा सल्ला अजून शहरी स्वयंपाकघराच्या भाषेतच अडकलाय. कृषी सहाय्यक आणि सल्लागार मंडळींनो, कोणत्या पिकात किती पालाश हे तुमच्याइतकं कुणाला माहीत? तालुक्याच्या आहारतज्ज्ञांबरोबर बसा आणि आपल्या भागातल्या भाज्या-धान्यांचा एक पानी तक्ता करा.

आणि ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांना एवढंच सांगतो. पुढच्या तपासणीला स्वयंपाक करणाऱ्या माणसाला आत घेऊन जा. पोटॅशियम, फॉस्फरस, युरिया, हिमोग्लोबिन आणि वजन एका वहीत तारखेनं लिहा. प्रत्येक रिपोर्टला विचारा, ‘आता काय कमी करू आणि काय परत सुरू करू?’ दुसरा प्रश्न विसरू नका. तो विचारला म्हणून दादाच्या ताटात एक वेळची भाकरी परत आली.