भाकरी फिरवणाऱ्यांनो, आधी ज्वारीचं बोला!

निवडणूक जवळ आली की आपल्याकडं जो तो पुढारी भाकरी फिरवायला निघतो. भाकरी फिरवली नाही तर करपते, हे वाक्य गेल्या महिन्यात मी चार सभांच्या बातम्यांत लिहिलं. पण ज्या ज्वारीची ही भाकरी, ती आज पेरतंय कोण आणि खातंय कोण, यावर एकाही सभेत चकार शब्द नाही.

परवा हायवेच्या ढाब्यावर पाटी बघितली. 'चुलीवरची गावरान भाकरी', एक नग ३० रुपये. लोक फोटो काढत होते. बरं वाटलं, आणि रागही आला. कारण भाकरी ही आपल्या आज्या-पणज्यांची हौस नव्हती, ती कष्टाची मजुरी होती. बलुतेदाराचा मोबदला धान्यात आणि भाकरीत मिळायचा. ताजी कुणाला आणि शिळी कुणाला, हे जात ठरवायची. गावकीची कामं करणाऱ्या महारांना दारोदार फिरून शिळे तुकडे गोळा करावे लागत. ते सोडा, असं बाबासाहेबांनी १९२७ ला महाडमध्ये बजावलं. त्यामुळं 'जुने दिवस किती छान' म्हणणाऱ्यांनी जरा जपून.

७२ च्या दुष्काळात माझी आजी खडी फोडायला जायची. रेशनला अमेरिकेचा लाल मिलो आला होता. त्याची भाकरी थापतानाच तुटायची, असं ती सांगायची. गव्हाची पोळी फक्त सणाला, नाहीतर पाहुणा आला तर. त्याच दुष्काळी कामांतून पुढं रोजगार हमी उभी राहिली, १९७७ ला तिचा कायदा झाला. लोकांनी भाकर मागितली ती भीक म्हणून नव्हे, काम द्या म्हणून. 'भाकरीचा प्रश्न' म्हणतात तो हा.

आता आजचं बघू. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात गहू २ रुपये, तांदूळ ३ रुपये आणि भरडधान्य १ रुपया किलो, असं लिहिलेलं आहे. २०२३ पासून धान्य फुकट झालं. पण आपल्या दुकानात येतो तो गहू आणि तांदूळ. ज्वारी मधूनच कधीतरी उगवते. २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून जगभर साजरं झालं, तेही आपल्याच देशाच्या प्रस्तावावरून. ज्वारीला 'श्री अन्न' असं नाव मिळालं. नाव मिळालं, ताट नाही मिळालं.

यावर साहेब लोक म्हणतात, 'लोकांनाच आता भाकरी नको.' अहो, गहू फुकट आणि ज्वारी बाजारभावानं विकत, मग मजूर बाई काय थापणार? पर्याय दिलाच कुठं? दुसरं म्हणतात, 'शेतकरीच पेरत नाही.' का पेरेल? ज्वारी हातानं उपटून काढायची, तळहाताला फोड येतात, मजूर मिळत नाही. २०२५-२६ चा मालदांडीचा हमीभाव ३,७४९ रुपये क्विंटल, कागदावर झकास. पण आपल्या तालुक्यात खरेदी केंद्राचं कुलूप निघेपर्यंत गरजवंताची पोती व्यापाऱ्याच्या गोदामात गेलेली असतात. मग तो ऊस नाहीतर सोयाबीन धरतो. ज्वारी गेली की कडबा गेला, आणि कडबा गेला की दावणीची जनावरं गेली.

म्हणून मागण्या दोनच. सुगीच्या आधी खरेदी केंद्र उघडा. आणि इथं घेतलेली ज्वारी इथल्याच रेशन दुकानात दर महिन्याला द्या, ज्याला गहू हवा त्याला गहू, ज्याला ज्वारी हवी त्याला ज्वारी.

पुढच्या सभेत कुणी 'भाकरी फिरवायची' म्हणाला की खालून एवढंच विचारा, 'साहेब, पीठ कुठाय?' उत्तर मिळालं तर मलाही कळवा, बातमी मी लावतो.