किती वाजता उठला?

राम दुपारी बाराला जन्मतो, कृष्ण मध्यरात्री, मारुती सूर्योदयाला. आपल्याकडे देवांच्या वेळा ठरलेल्या. पाळण्याची दोरी हातात घेणाऱ्याचं लक्ष घड्याळाकडे. येशू थडग्यातून नेमका किती वाजता उठला, हे मात्र चारपैकी एकाही शुभवर्तमानात नाही. उठताना कुणी पाहिलंच नाही. स्त्रिया कबरेपाशी पोचल्या तेव्हा मार्कच्या मते सूर्य उगवला होता, योहानाच्या मते अजून अंधार होता. एवढ्या फटीतून प्रत्येक चर्चनं आपापली वेळ काढली, आणि वडिलांची नोकरी बदलीची असल्यानं त्यातल्या बऱ्याच माझ्या वाट्याला आल्या.

आम्ही प्रॉटेस्टंट, नगरकडचे. वडील रेल्वेत, कॅसलरॉकला. जोयडा तालुक्याच्या टोकाचं हे घाटमाथ्यावरचं स्टेशन. 1961 पर्यंत इथून पुढे पोर्तुगीजांचा मुलूख. आमच्या पंथाचं तिथे काही नव्हतं, म्हणून शेजारच्या गोवेकर कुटुंबांबरोबर आम्हीही मिस्साला जायचो. ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी रात्रीपासून घंटा बंद. तिच्याऐवजी मात्राक, म्हणजे लाकडावर लाकूड आपटणारं एक खटखटं. शनिवारी रात्री अंगणात लाकडं पेटवायची. फादर मोठ्या मेणबत्तीवर क्रूस कोरायचे, वर आल्फा, खाली ओमेगा, चार कोपऱ्यांत सालाचे चार आकडे. मग धुपाचे पाच खडे टोचायचे. तिच्यावरून सगळ्यांच्या मेणबत्त्या पेटायच्या आणि घाटातला वारा निम्म्या विझवायचा. माझ्या आईला मेणबत्त्या म्हणजे रोमची भानगड वाटे. पण आपली ज्योत विझू नये म्हणून तिनं पदराचा आडोसा धरलेला मला स्वच्छ आठवतो. ग्लोरियाचं स्तोत्र सुरू झालं की तीन दिवस गप्प बसलेल्या घंटा एकदम सुटायच्या.

शेजारची म्हातारी सांगायची, तिच्या लहानपणी हे सगळं शनिवारी सकाळी, लख्ख उन्हात, लॅटिनमध्ये उरकत. पोप बारावे पायस यांनी 1951 मध्ये तो विधी पुन्हा रात्री नेला. उन्हात मेणबत्ती पेटवून ‘ख्रिस्ताचा प्रकाश’ म्हणायचं, हे शतकानुशतकं कुणाला खटकलं कसं नाही, देव जाणे.

सुट्टीत नगरला गेलो की वेळ बदलायची. अमेरिकन मराठी मिशन तिथे 1831 पासूनचं, ईस्टर पहाटेचं. अंधारात उठून, थंड पाण्यानं तोंड धुऊन दफनभूमीत सूर्योदयाची उपासना. आजोबांच्या थडग्याशी पेटी, टाळ आणि टिळकांची भजनं. ना. वा. टिळकांनी आमच्या चर्चला टाळ दिला, हे त्यांचं मोठं काम. सूर्योदयाला कबरस्तानात जमण्याची रीत मोराव्हियन तरुणांनी 1732 मध्ये जर्मनीतल्या हेर्नहूटला सुरू केली, हे पुढे वाचलं. लहानपणी मला ती आमच्या नगरचीच वाटायची.

मुंबईत नोकरीला लागलो तर शेजारी मल्याळी ऑर्थोडॉक्स. पन्नास दिवसांचा उपवास, मांस-मासे बंद, आणि पहाटे तीनला चर्च. उपासना लांबलचक, मला अक्षर कळायचं नाही. पण परतल्यावर त्यांच्या घरी अप्पम आणि मटणाचा स्ट्यू! न्याहारीपुरतं बोलायचं तर पहिला नंबर त्यांचा. मॉलमधल्या चॉकलेटच्या अंड्यांबद्दल मला काही म्हणायचं नाही.

रक्ताला जागून मी पहाटेची बाजू घ्यायला हवी. पण माझं मत रात्रीला. पहाट आपोआप होते. अंधारात दिवा सांभाळायला माणूस लागतो.

निवृत्तीनंतर एकदा जोयड्याकडे ईस्टर काढला. नियम असा की शनिवार रात्रीच्या जागरणाचा विधी अंधार पडल्यावरच सुरू करायचा आणि उजाडायच्या आत संपवायचा. कागदावर ठीक आहे. इथे एका फादरच्या वाट्याला वाड्या कितीतरी, रस्ता जंगलातला, रात्री वळणावर गवे उभे. मोठ्या चर्चमध्ये जागरण होतं, आडगावच्या कपेलात, म्हणजे छोट्या प्रार्थनाघरात, रविवारी उन्हं वर आल्यावर मिस्सा. अशाच एका कपेलाच्या पायरीवर बसलेल्या बाईंना विचारलं, “मिस्सा कितीला?”

“फादर येतले तेन्ना,” त्या म्हणाल्या.

फादरची जीप आली तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. धुळीनं माखलेला झगा झटकत ते घंटेकडे निघाले, पण एका पोरानं आधीच दोरी धरली होती.