ऋषीचे कूळ आणि खेळाचे मूळ

आमच्या नौपाड्यात सुशिक्षितांची वानवा नाही. गोखले रस्त्यावरून राम मारुती रस्त्यापर्यंत जावे, तेवढ्या अवधीत नाटक, गाणे व ग्रंथ यांविषयी ठाम मत असलेले चार गृहस्थ तरी भेटतात. अशाच एका वयोवृद्ध स्नेह्यांकडे परवा बसलो असता त्यांचा पंधरा वर्षांचा नातू आतल्या खोलीत दार लोटून ‘आर्केन’ ही हलत्या चित्रांची मालिका पाहत होता. आम्ही सहज चौकशी केली. स्नेही म्हणाले, ‘‘व्हिडिओ गेमवरून केलेले कार्टून आहे ते. पोरखेळ! बघतोय, बघू दे बापडा.’’

या एका उद्गारात दोन निवाडे आहेत. खेळातून जन्मलेली वस्तू क्षुद्र होय, हा पहिला. आणि क्षुद्र म्हणूनच ती निरुपद्रवी होय, हा दुसरा. आमच्या मते पहिला निवाडा अन्यायाचा आहे आणि दुसरा घातक आहे.

‘ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये’, असे आपणच म्हणतो. जन्मावरून माणसाची योग्यता ठरवू नये, हे तत्त्व तर आपला सुशिक्षित वर्ग निदान व्यासपीठावर तरी एकमुखाने मान्य करतो. मग कलाकृतीपाशीच जन्माचा दाखला का मागावा? आपल्या भाषेने खेळ आणि कला यांत कधी सोवळेओवळे मानलेले नाही. १८४३ साली सांगलीस विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले. असल्या प्रयोगांना लोक ‘खेळ’च म्हणत. कळसूत्री बाहुल्यांचा खेळ, नाटकाचा खेळ, चित्रपटाचा सहाचा खेळ, असे आपण आजही बोलतो. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ काढताना दादासाहेब फाळक्यांना तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना; अखेर अण्णा साळुंके यांना लुगडे नेसवावे लागले. चित्रपटाचा धंदा तेव्हा इतका हलका गणला जात होता. त्याच फाळक्यांनी पुढे आगकाड्या एकेक सरकवून व त्यांची चित्रे टिपून ‘आगकाड्यांची मौज’ हा लघुपट केला. काडेपेटीतून निघालेली म्हणून ही कला आपण टाकून देणार आहोत काय?

आता प्रस्तुत मालिकेकडे वळू. ‘लीग ऑफ लेजेंड्स’ हा खेळ अमेरिकेतील ‘रायट गेम्स’ या कंपनीने २००९ साली काढला. पाच गडी एका बाजूस, पाच दुसऱ्या बाजूस. प्रतिपक्षाचे ठाणे उद्ध्वस्त करणाऱ्याची सरशी. या खेळातील पात्रे घेऊन क्रिश्चन लिंके व ॲलेक्स यी यांनी कथा रचली आणि पॅरिस येथील ‘फोर्तिश’ चित्रशाळेने ती रंगविली. पहिले नऊ भाग २०२१ साली व पुढचे नऊ २०२४ साली ‘नेटफ्लिक्स’वर आले. २०२२ साली या मालिकेस अमेरिकेतील ‘एमी’ पारितोषिक मिळाले. परंतु पारितोषिकांच्या बळावर आम्ही आमचा पक्ष मांडीत नाही. तो कथेच्याच बळावर मांडतो.

मूळ खेळात पडलेला वीर थोड्या वेळाने पुन्हा उठून रणात येतो. तेथे मरणाला वजन नाही, कारण पुढचा डाव हाताशी आहेच. मालिकेने नेमकी हीच सवलत काढून घेतली. वर वैभवशाली पिल्टोव्हर नगर, खाली धुराने कोंदलेले झॉन. त्या खालच्या वस्तीतील व्हाय व पावडर या दोन अनाथ बहिणी. संकटात सापडलेल्या आपल्या माणसांना साहाय्य करावे म्हणून धाकटी पावडर स्वतः केलेला बाँब सोडते आणि त्या स्फोटात तिचेच सवंगडी मरतात. संतापाच्या भरात थोरली बहीण तिला मारते आणि ‘जिंक्स’ म्हणते. आपल्या घरांतील शब्दांत सांगावयाचे तर, ‘पांढऱ्या पायाची’. पुढे ती मुलगी तेच नाव धारण करून जगते. ज्या घरात पोरीला कधी ना कधी हा शब्द ऐकावा लागला आहे, त्या घराला ही कथा परकी वाटण्याचे कारण नाही.

मसुंदा तलावाकाठच्या रंगायतनाला ज्यांचे नाव आहे, त्या राम गणेश गडकऱ्यांनी ‘एकच प्याला’त काय दाखविले? एका क्षणीच्या कृत्याने सुधाकराचा संसार धुळीस मिळतो आणि गेलेला क्षण परत येत नाही. खेळातून निघालेल्या कथेने खेळाचा ‘पुन्हा डाव’ नाकारून शोकांतिकेचा हा जुना धर्म स्वीकारला, यातच तिची थोरवी आहे. दुसऱ्या पर्वात कथेची घाई झाली, हे आम्हांस मान्य आहे. तेथे एक मृत मनुष्य परत येतो, तोही पशुरूपाने. पण त्याच्या येण्याने दुःख हलके होत नाही, उलट वाढते.

कोणी म्हणेल, ही तर खेळ खपविण्याची जाहिरात! या आक्षेपात तथ्य आहे. ‘पोकेमॉन’चा खेळ १९९६ साली जपानात निघाला, त्यावरील मालिका १९९७ साली सुरू झाली व २००३ साली ती आपल्याकडे हिंदीतून आली. तेव्हा चिप्सच्या पुडीतील चकत्यांसाठी हट्ट धरणारी मुले आज स्वतः आईबाप झाली आहेत. प्राणी पकडावेत, जमवावेत, हा त्या कथेचा मंत्र व्यापाऱ्याच्या सोयीचा होता, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु ‘एकच प्याला’ही १९१९ साली तिकिटे विकणाऱ्या गंधर्व नाटक मंडळीनेच रंगभूमीवर आणले. पैसा कोणी घातला हे विचारावे. पण तेवढ्यावर परीक्षण संपले, असे समजू नये. मूळ खेळ कधी हाती न धरलेल्या आमच्यासारख्यास ‘आर्केन’ अडखळल्यावाचून समजते व हलवून सोडते. जाहिरातीला हे साधत नाही.

उरला दुसरा निवाडा. चित्र हलते, म्हणून ते बालकांसाठीच असावे, या समजुतीने आमचे स्नेही निश्चिंत आहेत. वस्तुतः या मालिकेत रक्तपात आहे, माणसाला विद्रूप करणारे मादक द्रव्य आहे, मन भंगलेल्या मुलीचे भ्रम आहेत. आठ-दहा वर्षांच्या मुलापुढे ती लावून देणे हा हलगर्जीपणा होय. आणि पंधरा वर्षांच्या मुलाला ती दाराआड एकट्याने पाहावी लागणे, हे त्याहून वाईट. आपल्या अपराधाची टोचणी, भावंडांतील दुरावा, वरच्या वस्तीची खालच्या वस्तीविषयी बेपर्वाई, असे प्रश्न मनात घेऊन तो बाहेर येतो. आणि बाहेर बसलेल्या वडीलधाऱ्यांनी ‘पोरखेळ’ म्हणून त्याचे तोंड आधीच बंद केलेले असते. मुले आमच्याशी बोलत नाहीत, अशी तक्रार मग कोणत्या तोंडाने करावी?

नऊ भाग, प्रत्येकी सुमारे चाळीस मिनिटांचे. म्हणजे सहा तासांचा प्रश्न. एवढा वेळ आपण नापसंत नाटकांनाही देतो. वडीलधाऱ्यांनी तो द्यावा, आणि मराठी परीक्षकांनीही या प्रकारास नाटक-कादंबरीच्या पंगतीस बसवून त्याचे गुणदोष परखडपणे सांगावेत. वाईट असेल त्याला वाईट म्हणावेच. मात्र पाहून म्हणावे. आमच्या स्नेह्यांना आम्ही एवढेच सुचविले आहे की, आज रात्री नातवाच्या खोलीचे दार ठोठवावे आणि पहिल्या भागापासून त्याच्या शेजारी बसावे.