नैसर्गिक प्रकाशाचें सोवळें

छायाचित्रणाच्या क्षेत्रांत हल्लीं एक नवें सोवळें माजलें आहे. उघड्यावर माणसाचें चित्र घ्यावयाचें तें केवळ सूर्याच्या उजेडांत घ्यावें. फ्लॅशचा उजेड कृत्रिम, सबब असत्य. आणि जो तो वापरतो तो कलावंत नसून धंदेवाईक, असें हें मत आहे. त्याचे अनुयायी आपल्या चित्राखालीं ‘केवळ नैसर्गिक प्रकाश’ हे शब्द अशा थाटानें लिहितात कीं, जणूं तें चित्र गंगोदकानें धुवून काढलें आहे. नवशिक्या तरुणांस हाच पाठ दिला जातो, व तेहि तो मान डोलवून घेतात. आम्हांस हें मत चुकीचें वाटतें. नुसतें चुकीचें असतें तर आम्ही लेखणी उचलली नसती. पण त्यापायीं कांहीं माणसांच्या तोंडावर, अगदीं शब्दशः तोंडावर, अन्याय होत आहे, आणि त्यांच्या वतीनें दोन शब्द बोलणें आम्ही आपलें कर्तव्य समजतों.

प्रथम इतिहासाची साक्ष घेऊं. १८३९ मध्यें दागेरची कृति जाहीर झाली, तेव्हां मनुष्याचें चित्र घेण्यास सूर्यावांचून व्यवहार्य असा दुसरा उजेडच नव्हता. एडिंबरोच्या हिल आणि ॲडमसन ह्या जोडीनें १८४३ ते १८४७ ह्या काळांत जीं चित्रें घेतलीं, तीं आजहि रसिकांस मोह घालतात. न्यूहेवन येथील कोळ्यांचीं व कोळिणींचीं त्यांचीं चित्रें तर ह्या कलेचा ठेवाच होय. पण तीं उन्हांत घेतलीं गेलीं तीं कांहीं व्रत म्हणून नव्हे. त्यांचा कागद इतका मंद होता कीं घरांतला उजेड त्यास पुरत नसे. म्हणून घरांतलें सामान बाहेर मांडून, दिवाणखान्याचा देखावा उभा करून, माणसांस उन्हांत बसवावें लागे. मुंबईंत १८५४ मध्यें छायाचित्रकारांची संस्था निघाली, तेव्हां आमच्या लोकांपुढेंहि दुसरा मार्ग नव्हता. पुढें १८८७ मध्यें जर्मनींत मॅग्नेशियमची भडकणारी पूड निघाली, १९२९ च्या सुमारास फ्लॅशचा बल्ब आला, आणि १९३१ च्या सुमारास हॅरॉल्ड एजर्टन ह्यांनीं विजेच्या नळींतला क्षणदीप छायाचित्रणाच्या सेवेस लावला. पूर्वसूरींची जी अडचण होती तीच उत्तरसूरींनीं धर्म म्हणून कवटाळावी, हें आम्हांस कांहीं केल्या समजत नाहीं.

दुसरें असें कीं, ‘नैसर्गिक’ ह्या शब्दाचा अर्थ तरी काय? हे सोवळेकरी माणसास झाडाच्या सावलींत नेतात. पांढरें कापड धरून त्याच्या गालावर उजेड परतवितात. डोक्यावर झिरझिरीत वस्त्र ताणून उन्हाची धार बोथट करतात. सूर्य कलेपर्यंत तास-दोन तास ताटकळतात. ह्या कशासहि आमचा विरोध नाहीं. हें उत्तम कसब आहे. पण तें कसब आहे, निसर्ग नव्हे. रिचर्ड ॲव्हेडन ह्यांनीं १९७९ ते १९८४ ह्या वर्षांत अमेरिकेच्या पश्चिम भागांतील खाणकामगार, भटके व कत्तलखान्यांतील मजूर ह्यांचीं चित्रें फ्लॅशवांचून आणि उघड्यावर घेतलीं, हें उदाहरण आमच्यापुढें नेहमीं टाकण्यांत येतें. तें खरें आहे, आणि तीं चित्रें थोर आहेत. परंतु ॲव्हेडन ह्यांनीं त्या माणसांच्या मागें पांढरा कागद लावला व त्यांस सावलींत उभें केलें. खाण, रस्ता, रान सारें पुसून टाकलें. इतका निसर्ग पुसल्यावर जो उजेड उरला तेवढा मात्र नैसर्गिक! उलटपक्षीं डायेन आर्बस ह्यांनीं १९६० नंतरच्या दशकांत भर दिवसां फ्लॅश लावून माणसें टिपलीं. त्यांच्या चित्रांस असत्य म्हणण्याचें धाडस आमच्या वाचनांत तरी कोणी केलेलें नाहीं.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. ह्या पंथाचा सारा मंत्र एका शब्दांत आहे: ‘थांबा’. दुपार टाळा, ऊन तांबूस होऊं द्या, मग चित्र घ्या. युरोपांतल्या उत्तरेकडील देशांत, जेथें सूर्य पुष्कळ दिवस क्षितिजाजवळूनच फिरतो, तेथें हा मंत्र ठीक आहे. आमच्याकडे मे महिन्याच्या मध्यास मुंबई-पुण्याच्या माथ्यावर सूर्य इतका नेमका येतो कीं, उभ्या माणसाची सावली पायाखालींच नाहींशी होते. अशा वेळीं पायाची सावली जाते, पण भिवईची जात नाहीं; ती सरळ डोळ्यांवर उतरते. नाकाची सावली ओठांवर येते, आणि कपाळ व नाकाचा शेंडा तेवढा चकाकतो. कॅमेऱ्यानें कपाळ सांभाळलें तर डोळ्यांच्या जागीं दोन खांचा उरतात. डोळे सांभाळले तर कपाळ पांढरें फटफटीत होतें. माणसाची दृष्टि क्षणोक्षणीं जुळवून घेते, म्हणून समोरासमोर बोलतांना आपणांस त्या खांचा दिसत नाहींत. यंत्रास ती किमया साधत नाहीं. तेव्हां दुपारचें नुसतें ‘नैसर्गिक’ चित्र हें आपण पाहिलेल्या माणसाचें चित्र नव्हेच. यंत्राच्या अपुरेपणाचें तें चित्र होय.

दुपार टाळावी हें सांगणें सोपें आहे. पण दुपार टाळतां कोणास येते? ज्यास संध्याकाळीं सवड आहे त्यास. विवाहापूर्वीं चौपाटीवर वा किल्ल्यावर चित्रें काढून घेणारें जोडपें तांबूस उन्हाची वाट पाहूं शकतें. ऊसतोडणीच्या फडांतली बाई पाहूं शकत नाहीं. पहांटेपासून तिच्या हातांत कोयता असतो. ऊन उतरतें तेव्हां ती मोळ्या वाहत असते किंवा खोपींत चूल पेटवीत असते. तिला बसावयास, बोलावयास आणि कॅमेऱ्याकडे मान वर करून पाहावयास जो घटकाभर वेळ मिळतो, तो भर दुपारीं भाकरी सोडण्याचा. अशाच एका फडाचीं चित्रें आम्हीं मध्यंतरीं एका प्रदर्शनांत पाहिलीं. आकाश निळेंभोर होतें, उसाचें पान न् पान मोजून घ्यावें इतकें स्वच्छ होतें. आणि त्या सर्वांच्या मध्यभागीं पदराच्या सावलींत कोळशासारखा एक काळा ठिपका होता. तो त्या बाईचा चेहरा! खालीं अर्थातच ‘केवळ नैसर्गिक प्रकाश’ ही मुद्रा होतीच. चित्रकार निसर्गाशीं इमानी राहिला आणि त्या बाईशीं बेइमान झाला. तिचें नांव चित्राखालीं नव्हतें, आणि तोंड चित्रांत नव्हतें. मग तें व्यक्तिचित्र कोणाचें? उसाचें?

त्या ठिकाणीं हातांतला एक लहानसा फ्लॅश काय करूं शकला असता, तें सांगतों. कारण निंदकांपैकीं पुष्कळांनीं तो नीट वापरून पाहिलेलाच नसतो. पडदा उघडा असण्याच्या काळाहून फ्लॅश चमकण्याचा काळ पुष्कळच अल्प असतो. म्हणून शटरचा वेग कमीजास्त केला तर सूर्याचा वांटा तेवढा बदलतो, फ्लॅशचा बदलत नाहीं; भिंगाचें छिद्र मात्र दोहोंसहि आंवळतें. ह्या एका गोष्टीमुळें दोन उजेडांचे दोन लगाम चित्रकाराच्या हातीं येतात. मर्यादा एवढीच कीं, पुष्कळ कॅमेऱ्यांत सेकंदाच्या सुमारें १/२०० ते १/२५० हिश्श्याहून शटर जलद केलें, तर पडदा कोणत्याहि क्षणीं पुरता उघडत नाहीं. त्याहून जलद जावयाचें तर वेगळी योजना लागते व उजेडाचें बळ घटतें. कडक उन्हांत आयएसओ १०० असतां १/२०० सेकंद व छिद्र एफ ११ हें माप साधारण बरोबर येतें. ज्या फ्लॅशचा मार्गदर्शकांक मीटरांत ४४ आहे, तो ह्या मापास ४ मीटरांवरून पुरा पडतो. कारण ४४ भागिले ११ म्हणजे ४. त्याच जागेवरून त्याची शक्ति निम्मी किंवा पाव केली कीं पदराखालचे डोळे हलकेच उजळतात, बुबुळांत एक बारीक ठिणगी येते, आणि ऊन मात्र उन्हासारखेंच राहतें. त्या बाईस सूर्याकडे पाठ करून बसविलें तर तिला डोळेहि मिचकावे लागत नाहींत. ह्यांत असत्य तें कोणतें?

कोणी म्हणतील कीं, आतां संगणकावर मागाहून सावली उजळतां येते. फ्लॅशची गरजच काय? उत्तर असें कीं, सावली उजळतां येते, पण उजेडाची दिशा बदलतां येत नाहीं. वरून कोसळणारें ऊन कितीहि सौम्य केलें तरी तें वरूनच कोसळत राहतें. जो प्रकाश डोळ्यांत शिरलाच नाहीं तो मागाहून तेथें ओतणें, ही मात्र खरी कृत्रिमता होय. तिला क्षमा, आणि प्रत्यक्ष त्या क्षणीं त्या चेहऱ्यावर पडलेल्या उजेडास शिक्षा, हा न्याय अजब आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, व तो आम्ही मान्य करतों. फ्लॅशनें चेहरे सपाट व पांढरे होतात, असें म्हणतात. होतात, आणि आमच्या लग्नांच्या आल्बमांत तें पाप ढिगानें पाहावयास मिळतें. सांवळी नवरी मांडवाच्या दारांत उभी केली, कॅमेऱ्याच्या माथ्यावरचा झोत नाकासमोरून तिच्या तोंडावर मारला, आणि ती पिठांत बुडवून काढल्यासारखी दिसूं लागली, कीं घरचीं माणसें खूष! ह्यांत यंत्राचाहि थोडा हात आहे. आपोआप माप घेणारा फ्लॅश समोरचें सर्व कांहीं मध्यम राखी रंगाचें असावें असें धरून चालतो. सांवळें दिसलें कीं तो उजेड वाढवितो. पण त्यास आवरणें हें चित्रकाराचें काम होतें. माप आपल्या हातीं घ्यावें, उजेड पाऊण-एक पायरी उतरवावा, फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढून बाजूस धरावा, त्यापुढें पांढरी छत्री लावून त्याचा व्याप वाढवावा व तो जवळ आणावा, म्हणजे सांवळ्या कातडीची खरी श्रीमंती दिसते. ती रंगाच्या पांढरेपणांत नसून गालाच्या व कपाळाच्या तुकतुकींत असते. सायंकाळच्या तांबूस उन्हांत फ्लॅशपुढें नारिंगी कागद धरावा, नाहीं तर चेहरा निळसर व परका दिसतो. ज्यांस एवढेंहि करावयाचें नाहीं त्यांनीं फ्लॅश खुशाल पेटींत ठेवावा. पण स्वयंपाक्यानें मीठ जास्त घातलें म्हणून मीठच अभक्ष्य ठरत नाहीं.

आणि फ्लॅश सर्वत्र लावावा असेंहि आमचें म्हणणें नाहीं. आषाढांतलें ढगाळ आकाश ही देवानें ताणलेली छत्रीच आहे. तिच्याखालीं दुसऱ्या छत्रीचें काम नाहीं. ओसरीच्या कडेला, चुन्यानें सारवलेल्या भिंतीसमोर बसलेल्या म्हातारीच्या सुरकुत्यांवर जो उजेड येतो, त्यांत भर घालूं पाहणारा अरसिकच म्हणावा लागेल. जेथें एकाएकीं चमकणारा झोत समोरच्या माणसास दचकवील, किंवा त्याच्या शोकांत घुसेल, तेथें कॅमेराच खालीं ठेवणें शोभतें. मग फ्लॅशची गोष्ट कशास? थोडक्यांत, प्रश्न उजेडाच्या कुळाचा नाहीं. तो उजेड समोरच्या माणसास न्याय देतो कीं नाहीं, एवढाच आहे.

सोवळ्याचा मूळ हेतु शुद्धि हा असतो, पण तें माजलें म्हणजे त्यास माणूसच विटाळाचा वाटूं लागतो. सूर्य पवित्र आणि दिवा अपवित्र, असें आमच्या घरांतून तरी कधीं कोणीं मानलें नाहीं. तिन्हीसांजेस आपण दिव्यासहि हात जोडतों. फडांतली ती बाई पुढच्या हंगामांतहि दुपारींच भाकरी सोडणार आहे. जे कोणी तिच्याकडे कॅमेरा घेऊन जातील, त्यांनीं आधीं तिची परवानगी घ्यावी, तिचें नांव लिहून घ्यावें, आणि तिचे डोळे दिसतील एवढा उजेड आपल्याबरोबर न्यावा, एवढेंच आमचें मागणें आहे.